कॉलेजचा एजंट फोन करतो तेव्हा: पैसे देण्याआधी काय तपासायचं, दिल्यानंतर कुठे जायचं

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. मुलीचं नाव, शाखा, कधी कधी टक्केसुद्धा समोरच्याला ठाऊक असतात. "बेळगावला बीएस्सी नर्सिंगच्या दोनच सीटा उरल्यात. आज पंचवीस हजार टोकन टाका, बाकीचं नंतर बघू." फोंड्यातल्या एका बँकेत मी शैक्षणिक कर्जाचं टेबल सांभाळत होते. आता निवृत्त झाले, तरी म्हार्दोळच्या घरी लोक अजून कागद घेऊन येतात. कोणाकडे अ‍ॅडमिशन लेटर असतं, कोणाकडे नुसता जीपेचा स्क्रीनशॉट. ते कागद वाचता वाचता जे कळलं ते इथे लिहिते आहे. बारावीला बसलेलं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांनी हे निकालाच्या आधी वाचावं.

कायदा विद्यार्थ्याच्या बाजूने आहे, पण त्याचा जोर पैसे देण्याआधी सगळ्यात जास्त असतो. पैसे गेल्यावर तो कमी होत जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा कायदा 1956 चा आहे. त्याच्या कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त संसदेच्या किंवा विधानसभेच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. कलम 23 म्हणतं की कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाशिवाय कोणी स्वतःच्या नावात 'विद्यापीठ' हा शब्द लावायचा नाही. आणि हे मोडलं तर? कलम 24 प्रमाणे दंड एक हजार रुपयांपर्यंत. लाखालाखाची फी घेणाऱ्याला हजार रुपयांची भीती कसली! म्हणून सरकार त्यांना आवरेल या भरवशावर राहू नका, आपण आधीच तपासायचं.

मान्यता कशी बघायची

एजंटला विचारायचे प्रश्न तीनच. पदवी कोणतं विद्यापीठ देणार? या अभ्यासक्रमाला कोणत्या परिषदेची मान्यता आहे? यंदा मंजूर जागा किती? उत्तर तोंडी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. खरा माणूस दहा मिनिटांत लिहून देतो. दुसरा म्हणतो, "मॅडम, ऑफिसला या, सगळं दाखवतो."

ते लेखी उत्तर हातात आलं की पडताळणी आपण करायची, आणि एजंटने पाठवलेली लिंक त्यासाठी उघडायची नाही. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. यूजीसीच्या वेबसाइटवर मान्य विद्यापीठांची यादी आहे आणि बनावट विद्यापीठांचीही आहे. त्या दुसऱ्या यादीत बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या पत्त्यावरचं एक नाव कित्येक वर्षं होतं. चोर्ला घाट उतरून आपल्याकडे गिऱ्हाईक शोधायला यायला कितीसा वेळ लागतो?

विद्यापीठ खरं निघालं तरी काम संपत नाही. ते विशिष्ट कॉलेज आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे वेगळं बघावं लागतं. आपली बहुतेक फसवणूक इथेच होते. कर्नाटकातल्या नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसीच्या कॉलेजांसाठी बंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि इंजिनियरिंगसाठी बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ. कोल्हापूर-सांगलीकडच्या आरोग्य शाखांसाठी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. गोव्यातल्या कॉलेजांसाठी ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ. संलग्न कॉलेजांची यादी विद्यापीठं स्वतः देतात. एखादं कॉलेज स्वायत्त किंवा खासगी विद्यापीठाचं असेल, तर तसं त्यांच्या कागदावर स्पष्ट असायला हवं.

त्यानंतर परिषद. फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया, वकिलीला बार कौन्सिल, बीएडला एनसीटीई, इंजिनियरिंगला एआयसीटीई, डॉक्टरकीला नॅशनल मेडिकल कमिशन, नर्सिंगला त्या राज्याचं नर्सिंग कौन्सिल आणि इंडियन नर्सिंग कौन्सिल. विद्यापीठाची पदवी हातात आहे, पण परिषद नोंदणी करत नाही, अशी मुलगी इस्पितळात नर्स म्हणून लागू शकत नाही. चार वर्षं आणि घरच्यांचं सोनं दोन्ही त्यात गेलेलं असतं.

ब्रोशरवरचे काही शब्द मान्यतेसारखे दिसतात, पण मान्यता नसतात: 'आयएसओ प्रमाणित', 'एमएसएमई नोंदणीकृत', 'सोसायटी कायद्याखाली नोंदणीकृत', 'आंतरराष्ट्रीय मंडळाचे सदस्य'. सोसायटी कोणालाही नोंदवता येते. सगळ्यात घातक शब्द 'मान्यता प्रक्रियेत'. पाटण्याच्या एका डेंटल कॉलेजने विद्यापीठाशी संलग्न असल्याचं आणि डेंटल कौन्सिलची मान्यता असल्याचं भासवून मुलं घेतली होती. ती मुलं भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2009 साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, भरपाईही दिली. पण गेलेली वर्षं न्यायालयालाही परत देता आली नाहीत. ज्या अभ्यासक्रमाची मान्यता आज हातात नाही, त्याला आज पैसे द्यायचे नाहीत.

दूरशिक्षणाबद्दल एवढंच. मडगाव, म्हापसा, वास्कोत दुकानाच्या वरच्या मजल्यावर 'स्टडी सेंटर'ची पाटी दिसते आणि आत कुठल्यातरी लांबच्या विद्यापीठाची पदवी विकली जाते. फ्रँचायझी देऊन दूरशिक्षण चालवायला यूजीसीची परवानगी नाही. प्रवेश थेट विद्यापीठाकडे घ्यायचा असतो, आणि आता त्यासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा (डीईबी) विद्यार्थ्याचा स्वतःचा आयडी लागतो. इंजिनियरिंग, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, कायदा, हॉटेल मॅनेजमेंट यांची पदवी दूरशिक्षणाने देताच येत नाही. हॉटेल मॅनेजमेंटचं मुद्दाम सांगते, कारण आपल्या मुलांना जहाजावर जायची ओढ असते आणि "घरी बसून डिग्री, वर्षात क्रूझवर नोकरी" असं सांगणारे भरपूर आहेत. जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीकडे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा (डीजी शिपिंग) भरतीचा आरपीएसएल परवाना असावा लागतो. परवाना क्रमांक मागा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर ताडून बघा.

डॉक्टरकीचं तर अगदी सरळ आहे. 'नीटशिवाय एमबीबीएस', 'डायरेक्ट सीट' असं म्हणणारा खोटं बोलतो आहे. गोवा मेडिकल कॉलेजच्या राज्याच्या जागा पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयातून भरतात, अखिल भारतीय कोट्याच्या केंद्राच्या समुपदेशनातून. इतर राज्यांत खासगी कॉलेजच्या मॅनेजमेंट कोट्यालाही नीट आणि समुपदेशन लागतंच. परदेशी पाठवणारे 'कमिशन मान्य कॉलेज' म्हणतात, पण नॅशनल मेडिकल कमिशन परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही. त्यांच्या 2021 च्या नियमांत अटी आहेत: किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून काम करायचा परवाना मिळण्याची पात्रता. या अटी एकेक करून एजंटपुढे ठेवा आणि प्रत्येकीचं लेखी उत्तर घ्या. एक जरी पुरी होत नसेल, तर परत येऊन इथे दवाखाना उघडता येणार नाही.

एजंट कोणाचा माणूस?

हे पालकांना सांगताना मला वाईट वाटतं, कारण एजंट बहुतेकदा ओळखीतलाच असतो. कोणाचा तरी मेहुणा, जुना विद्यार्थी, देवळाच्या समितीतला. तो तुमच्याकडून काही घेत नाही असं म्हणतो, ते खरंही असू शकतं. मग त्याचे पैसे कॉलेज देतं, दर मुलामागे. म्हणजे तुमच्या मुलीला काय झेपेल यापेक्षा कुठलं कॉलेज जास्त देतं, यावर त्याचा सल्ला ठरतो. अमेरिकेत 1992 पासून सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना मुलं भरल्याबद्दल कमिशन देण्यावर बंदी आहे, पण परदेशी विद्यार्थी आणणारे एजंट त्यातून वगळलेले आहेत. पणजीत बसून अमेरिकेच्या कॉलेजात पाठवणाऱ्याला ते कमिशन मिळू शकतं. त्याला सरळ विचारा, "तुम्हाला कॉलेजकडून किती मिळतात?" विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

डोनेशनबद्दलही एक समज दूर करायला हवा. कर्नाटकात 1984 पासून आणि महाराष्ट्रात 1987 पासून कॅपिटेशन फीवर बंदी घालणारे कायदे आहेत, आणि संस्थेच्या वतीने घेणारा माणूसही त्यांत येतो. "मी कॉलेजचा नाही, मी मधला" ही पळवाट त्याला चालत नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी वैद्यकीय महाविद्यालयांनी फी रोखीने घेऊ नये असं बजावलं. आयकर कायद्याप्रमाणेही एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो. 'विकास निधी' म्हणून पाकीट मागितलं, तर मागणी ईमेलवर पाठवायला सांगा. ती लेखी येत नाही.

पैसे देताना

शैक्षणिक कर्जाची रक्कम बँक विद्यार्थ्याच्या हातात देत नाही, थेट संस्थेच्या खात्यात भरते. तुम्हीही तेच करा, स्वतःचे पैसे असले तरी. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी समोर नाव येतं, ते वाचा. कॉलेजचं किंवा ट्रस्टचं नाव नसेल, एखाद्या माणसाचं किंवा 'एंटरप्रायझेस'चं असेल, तर तिथेच थांबा. "कॉलेजचं खातं सध्या बंद आहे, माझ्या नावावर टाका," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते ऐकलं की बाकी काही तपासायची गरज मला वाटत नाही.

टोकन देण्याआधी कॉलेजला एक ईमेल पाठवा. पत्ता ब्रोशरवरचा नको, विद्यापीठाच्या यादीत असेल तो घ्या. मजकूर साधा असू दे:

"माझी मुलगी आपल्या संस्थेत अमुक अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ इच्छिते. अमुक नावाची व्यक्ती आपली प्रतिनिधी असल्याचं सांगते. कृपया कळवा: ही व्यक्ती आपण नेमली आहे का, चालू वर्षासाठी विद्यापीठाचं संलग्नतापत्र आणि परिषदेच्या मान्यतेची प्रत, मंजूर जागा, सर्व वर्षांची एकूण फी, हॉस्टेल, परीक्षा, गणवेश आणि क्लिनिकल शुल्कासह, प्रवेश रद्द केल्यास फी परतीचे नियम, आणि फी भरण्याचं संस्थेचं बँक खातं."

इंग्रजीत पाठवलंत तर उत्तम, मुलांना सांगा, ती लिहून देतील. उत्तर आलं तर तो तुमचा पुरावा. नाही आलं, तर एवढ्या साध्या पत्राला उत्तर न देणाऱ्या कॉलेजात मुलीला चार वर्षं पाठवायचं का, हे तुम्हीच ठरवा. यूजीसीच्या 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रवेश सुरू होण्याच्या किमान 60 दिवस आधी माहितीपत्रक प्रसिद्ध करणं संस्थेवर बंधनकारक आहे. त्यात जागा, पात्रता, फी, परतीचे नियम, शिक्षकांची माहिती सगळं हवं. म्हणजे तुम्ही उपकार मागत नाही आहात. त्या माहितीपत्रकाची प्रत उतरवून ठेवा, कारण वेबसाइटवरचा मजकूर नंतर बदललेला मी पाहिला आहे.

ओरिजिनल मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. कॉलेजने ती बघायची, झेरॉक्स घ्यायची आणि परत द्यायची, असं यूजीसी आणि एआयसीटीई दोघांचंही सांगणं आहे. साखळीच्या एका पालकांनी मुलाची सगळी ओरिजिनल दिली होती. मुलाला दुसरीकडे चांगली जागा मिळाली, तेव्हा कॉलेज म्हणालं, "चारही वर्षांची फी भरा, मग कागद न्या." 2023 च्या नियमांत कागद अडकवून ठेवणं हा तक्रारीचा विषय म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. ते नियम पत्रात लिहिल्यावर कागद मिळाले, पण तोवर त्या मुलाचे वडील रात्र रात्र जागे होते.

प्रवेश रद्द करायचा झाला तर

इथे तारखा महत्त्वाच्या. यूजीसीच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून जास्त आधी रद्द केलं, तर पूर्ण फी परत. त्यातून जास्तीत जास्त 5 टक्के, तेही 5000 रुपयांच्या आतच, कापता येतात. शेवटच्या तारखेआधीच्या 15 दिवसांत रद्द केलं तर 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80, तारखेनंतर 16 ते 30 दिवसांत 50, आणि पुढे शून्य. गेल्या काही वर्षांत यूजीसीने त्याहून सैल तारखा दिल्या. 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी आणि 31 ऑक्टोबरपर्यंत फक्त 1000 रुपये कापून बाकीची, असं होतं. त्या त्या वर्षाचं पत्रक वेबसाइटवर बघा.

आपल्याकडची अडचण अशी की मुलं खरं गणेश चवथीला घरी आल्यावर सांगतात. फोनवर "बरं आहे" म्हणतात. लॅब नाही, सर येत नाहीत, इस्पितळ तीस किलोमीटरवर आहे, हे सगळं गणपतीवरची माटोळी बांधताना बाहेर येतं. तोवर पन्नास टक्क्यांची तारीख गेलेली असू शकते. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन या. लॅबमध्ये डोकावा, वरच्या वर्गातल्या मुलांशी ऑफिसबाहेर उभं राहून बोला. वाटेतल्या बस बदलाव्या लागल्या तरी जा.

रद्द करण्याचं पत्र मुलीच्या सहीने, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी पाठवा. फोनवर सांगितलेलं सांगितल्यासारखं नाही.

फसवणूक झालीच तर

पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन. बँकेतही कळवा, पण 1930 आधी, कारण समोरच्या खात्यातले पैसे गोठवायला पहिले काही तासच हातात असतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. गोव्याचं सायबर क्राइम पोलीस स्टेशन रायबंदरला आहे.

कॉलेज खरं, पण शब्द खोटे, अशी स्थिती असेल तर संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करा. समितीने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाने 30 दिवसांत निकाल द्यायचा. माहितीपत्रकात खोटी माहिती देणं, जास्तीची फी मागणं, फी परत न करणं, हे सगळं यात बसतं.

कॉलेजच नसेल, किंवा मान्यतेचं पत्र बनावट असेल, तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (4) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, बनावट दस्तऐवजाची कलमं वेगळी. "कॉलेज कर्नाटकात आहे, तिकडे जा" असं पोलीस म्हणाले तर झीरो एफआयआर मागा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तरीही घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना पत्र आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेट.

ग्राहक आयोगाबद्दल वकिलांकडून उलटसुलट ऐकाल. 2020 मध्ये राष्ट्रीय आयोगाने शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत असं म्हटलं, पण त्याच निकालात कोचिंग क्लासेस मात्र येतात असं सांगितलं. स्वतःची फी घेऊन सल्ला देणारा कन्सल्टंट म्हणजे सेवा विकणारा, म्हणून एजंटविरुद्धची तक्रार इथे नेणं मला योग्य वाटतं. 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते: उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 या हेल्पलाइनवर विचारून घ्या.

आणि कर्ज. काही एजंट 'हप्त्याने फी' म्हणून टॅबवर सही घेतात आणि ते एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कॉलेज सोडलं तरी हप्ते चालू राहतात, सिबिल खराब होतं. सहीआधी स्क्रीनवर 'लोन' शब्द शोधा. सही होऊन गेली असेल तर कंपनीला लेखी कळवा, आणि 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्यांचा नंबर 14448. कर्ज लागणारच असेल तर आधी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी योजना आणि विद्यालक्ष्मी पोर्टल बघा.

तक्रार करायला निघाल तेव्हा एकटे जाऊ नका. एजंटने तुमच्या वाड्यावरून एकच मूल नेलं असं सहसा होत नाही. मुलीला विचारा, तिच्या वर्गात गोव्याची आणखी कोण आहेत, आणि त्यांच्या घरी फोन करा. चार पालकांचे चार स्क्रीनशॉट, चारही रकमा एकाच माणसाच्या खात्यात गेलेल्या, तारखांप्रमाणे लावलेले, अशी फाइल पोलीस स्टेशनच्या टेबलावर ठेवली की "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" असं म्हणणं पोलिसांना जड जातं.